लहान मुलांचा संधिवात: तालुका पातळीवर प्रशिक्षण कसे द्यावे आणि आपल्या नोंदी संशोधनाच्या उपयोगी कशा पडतील?

प्रश्न: पैनगंगाकाठ (वैद्यकीय अधिकारी, यवतमाळ जिल्हा)

नमस्कार. मी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या फिरत्या पथकात वैद्यकीय अधिकारी आहे. माझे शिक्षण बी.ए.एम.एस. असून पथकात आम्ही दोन डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता असतो. अंगणवाड्यांना वर्षातून दोनदा व शाळांना एकदा भेट द्यायची, 0 ते 18 वर्षे वयाच्या मुलांना तपासायचे आणि गरज असेल त्यांना वरच्या रुग्णालयात पाठवायचे, असे आमचे काम आहे. 2013 मध्ये कार्यक्रम सुरू झाला तेव्हा ठरलेल्या आजारांच्या यादीत वाकडे पाऊल आहे, जन्मतः निखळलेला खुबा आहे, संधिवातजन्य हृदयविकारही आहे. परंतु ज्या मुलाचा गुडघा किंवा घोटा महिनोन्‌महिने सुजलेला राहतो, त्याच्यासाठी वेगळा रकाना नाही.

अशी मुले आम्हाला दिसतात. काहींच्या घरी ‘खेळताना पडला असेल’ म्हणून तेल चोळणे चालू असते. काहींचा एएसओ टायटर (स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूच्या संसर्गाची रक्तचाचणी) वाढलेला निघाल्यामुळे त्यांना संधिवातज्वर (रूमॅटिक फीव्हर) समजून दर एकवीस दिवसांनी पेनिसिलीनचे इंजेक्शन सुरू झालेले असते, आणि सूज मात्र तशीच असते. एका मुलीचा गुडघा पूर्ण सरळ होईनासा झाल्यावरच तिला जुवेनाईल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस (जेआयए, म्हणजे लहान मुलांचा संधिवात) असल्याचे निदान मिळाले. तोपर्यंत तिने शाळेत जाणे सोडले होते.

मला तीन गोष्टी विचाराव्याशा वाटतात. नोकरी न सोडता, गावात राहून या विषयाचे विश्वासार्ह प्रशिक्षण मिळू शकते का? आमच्या भागात सिकलसेल, क्षयरोग आणि चिकुनगुनिया असल्यामुळे सांधेदुखीची मुले वेगळी कशी काढावीत? आणि आम्ही ठेवतो त्या नोंदी एखाद्या संशोधनाला उपयोगी पडाव्यात यासाठी त्यांत काय असले पाहिजे? माझा हेतू निबंध छापण्याचा नाही. पुढच्या मुलीचा गुडघा वाकण्याआधी ती योग्य ठिकाणी पोहोचावी, एवढाच आहे.

उत्तर 1: बालसंधिवात (मुंबई, मूळ गाव अमरावती जिल्हा)

नमस्कार डॉक्टर. आपला दुसरा प्रश्न मी आधी घेतो, कारण प्रशिक्षणाचा गाभा तोच आहे.

सोळाव्या वाढदिवसापूर्वी सुरू झालेला, किमान सहा आठवडे टिकलेला आणि दुसरे कारण न सापडलेला सांध्याचा दाह म्हणजे जुवेनाईल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस. यातील प्रत्येक अट उपयोगाची आहे. चिकुनगुनियानंतरची किंवा इतर विषाणूंमुळे झालेली सांधेदुखी बहुतेक मुलांमध्ये सहा आठवड्यांच्या आत ओसरते. संधिवातज्वराची सूज एका सांध्यातून दुसऱ्या सांध्यात सरकत जाते, फार दुखते, अॅस्पिरिनसारख्या औषधाने एकदोन दिवसांत विरघळते आणि हृदयाला धोका पोहोचवते. तिथे पेनिसिलीनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे देणे आवश्यकच आहे. याउलट जी सूज एकाच गुडघ्यात तीन महिने ठाण मांडून बसली आहे, सकाळी जास्त आणि दुपारी कमी जाणवते, ती पेनिसिलीनने बरी होणारी नाही. एएसओ वाढलेला असणे म्हणजे मुलाला नजीकच्या काळात स्ट्रेप्टोकॉकसचा संसर्ग होऊन गेला, एवढेच. शाळकरी मुलांमध्ये तो अन्यथाही वाढलेला सापडतो. तसेच आरए फॅक्टर ही संधिवाताची रक्तचाचणी ‘निगेटिव्ह’ आल्यामुळे कोणीही निश्चिंत होऊ नये, कारण या आजाराच्या बहुसंख्य मुलांमध्ये ती निगेटिव्हच असते. हे निदान बोटांनी आणि डोळ्यांनी करायचे असते. प्रयोगशाळेचे काम मुख्यतः दुसरी कारणे वगळण्याचे आहे.

विदर्भात ही दुसरी कारणे खरोखरीच महत्त्वाची आहेत. सिकलसेलच्या लहान बाळांमध्ये हातापायांची बोटे सुजतात, मोठ्या मुलांमध्ये हाडे दुखतात आणि खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटू शकतो. म्हणून आपल्या भागातील प्रत्येक सांधेदुखीच्या मुलाची सिकलसेल तपासणी झालेली असावी. मात्र याची दुसरी बाजूही सांगतो, कारण ती अनेकदा निसटते: मूल सिकलसेलचे केवळ वाहक असेल, तर त्याच्या सुजलेल्या गुडघ्याचे खापर सिकलसेलवर फोडून चालणार नाही. वाहकालाही संधिवात होतो. एकाच सांध्याची हळूहळू वाढत गेलेली सूज असेल, तर क्षयरोगाचा शोध घेतलाच पाहिजे. रात्री झोपेतून उठवणारी हाडांची वेदना, पांढुरके पडलेले मूल आणि रक्ताच्या तपासणीत कमी झालेल्या पेशी दिसल्या, तर रक्ताच्या कर्करोगाची शंका घ्यावी आणि तो वगळल्याशिवाय स्टिरॉइडची एकही गोळी देऊ नये, कारण तिच्यामुळे लक्षणे झाकली जातात व निदान लांबते. ताप आहे, सांधा गरम आहे आणि मूल पाय टेकवतच नाही, अशा वेळी सांध्यात पू झाला असेल असे गृहीत धरून त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे. तिथे सहा आठवडे मोजत बसायचे नाहीत.

आता प्रशिक्षणाविषयी. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथील डॉ. हेलन फॉस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 मध्ये ‘पीगॅल्स’ ही शाळकरी मुलांची तपासणी प्रसिद्ध केली. तिला सुमारे दोन मिनिटे लागतात. सुरुवातीला तीन प्रश्न असतात: सांधे, स्नायू किंवा पाठ दुखते किंवा आखडते का, स्वतःचे कपडे मदतीशिवाय घालता येतात का, जिना चढता-उतरता येतो का. मग मुलाला टाचांवर आणि चवड्यांवर चालायला लावणे, मुठी मिटणे, तळहात एकमेकांना जोडणे, हात वर नेणे, मान कलवणे, तोंड उघडून स्वतःची तीन बोटे आत मावतात का पाहणे, गुडघ्यात पाणी आहे का चाचपणे आणि वाकून पायाच्या बोटांना हात लावायला सांगणे, असा क्रम आहे. हीच पद्धत आफ्रिकेतील मलावी या देशातही मुलांवर वापरून पाहिली गेली आहे, म्हणजे साधने कमी असलेल्या ठिकाणीही ती चालते. न्यूकॅसलच्याच गटाने उभारलेल्या ‘पीएमएम’ या संकेतस्थळावर तिच्या चित्रफिती विनामूल्य आहेत. शिवाय युरोपातील संस्थांचा बालसंधिवातावरील ऑनलाईन अभ्यासक्रम आहे, पण तो बालरोगतज्ज्ञांना जास्त सोयीचा. आपल्याकडे चंदीगडच्या पीजीआयएमईआर या वैद्यकीय संस्थेत या विषयातील डीएम (एम.डी.नंतरचा विशेष अभ्यासक्रम) आहे आणि मुंबईच्या वाडिया बालरुग्णालयात या मुलांसाठी स्वतंत्र सेवा आहे. तरीही देशाच्या मानाने असे तज्ज्ञ फारच थोडे आहेत आणि ते मोठ्या शहरांत एकवटलेले आहेत. म्हणूनच आपल्यासारख्यांच्या हाताला झालेले वळण मला कोणत्याही पदवीइतके मोलाचे वाटते.

पीगॅल्सला आपल्या गावांसाठी मी दोन प्रश्न जोडतो. मूल जेवायला मांडी घालून बसते का, आणि शौचाला उकिडवे बसू शकते का? ज्या घरात जिनाच नाही, तिथे आईला जिन्याविषयी विचारून काही हाती लागत नाही. मांडीविषयी मात्र ती नेमके सांगते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हा आजार सकाळी जखडतो. एस.टी.ने निघालेले मूल बाह्यरुग्ण विभागात बारा वाजता पोहोचते, तोवर ते बऱ्यापैकी चालू लागलेले असते, आणि तपासणाऱ्याला काहीच आढळत नाही. आपले पथक शाळेत सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी हजर असते. जे शहरातील तज्ज्ञाला पाहायला मिळत नाही, ते आपल्याला दिसते.

उत्तर 2: आई, दर्यापूर तालुका

नमस्कार. मी डॉक्टर नाही. माझ्या मुलाला हा आजार आहे आणि तो आता उपचारांवर शाळेत जातो, म्हणून लिहिण्याचे धाडस करते.

निदान व्हायला आम्हाला फार काळ लागला. त्या काळात ज्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी आपुलकीने पाहिले, पण ‘लहान मुलांना संधिवात होत नाही’ असे आम्हाला एकापेक्षा अधिक ठिकाणी सांगण्यात आले. गावातही लोक हेच म्हणत, त्यामुळे मूल शाळा टाळण्यासाठी सोंग करते असा संशय घरातल्या घरातच निर्माण झाला. त्याचे मला आजही फार वाईट वाटते. आपल्या प्रशिक्षणात आशाताई, अंगणवाडी सेविका आणि शिक्षक यांना घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. सकाळी उशिरा येणारे, कवायतीला मागे राहणारे मूल वर्गशिक्षकाला सर्वांत आधी दिसते.

दुसरी गोष्ट औषधाची. मेथोट्रेक्झेट हे संधिवाताचे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. आमच्या डॉक्टरांनी तो वार आमच्या गावच्या आठवडी बाजाराच्या दिवसाशी जोडून दिला, म्हणून तो कधी चुकला नाही. चिठ्ठीवर वार मराठीत आणि ठळक लिहिलेला असावा, कारण घरातील दुसऱ्या कोणी रोज गोळी दिली तर ते जिवावर बेतू शकते, असे त्यांनी आम्हाला पुन्हा पुन्हा समजावले होते. फिजिओथेरपिस्ट ताईंनी सांगितलेली एक बाब तर मला आधी कोणाकडून कळली असती तर बरे झाले असते: दुखते म्हणून रात्री गुडघ्याखाली उशी ठेवू नये, त्याने गुडघा वाकलेल्या अवस्थेतच आखडतो. आम्ही मायेपोटी रोज उशी ठेवत होतो.

कापूस वेचणीच्या दिवसांत मोठ्या शहरात मुलाला नेणे म्हणजे दोघांची मजुरी बुडणे. रक्ताची तपासणी तालुक्यालाच करून तिचा अहवाल फोनवर तज्ज्ञांना पाठवण्याची सोय झाली, तेव्हापासून आमचे उपचार खंडित झाले नाहीत. अशी सोय इतरांनाही मिळावी.

उत्तर 3: नेत्रतज्ज्ञ, अकोला

वरील चर्चेत डोळ्यांचा उल्लेख अद्याप आलेला नाही, तो केल्यावाचून राहवत नाही. या आजाराच्या काही मुलांमध्ये, विशेषतः थोडे सांधे सुजलेल्या, लहान वयात आजार सुरू झालेल्या आणि एएनए ही रक्तचाचणी पॉझिटिव्ह असलेल्यांमध्ये, डोळ्याच्या आत दाह होतो. डोळा लाल होत नाही, दुखत नाही, आणि मूल तक्रारही करत नाही. बाहुलीचा आकार बिघडल्याचे किंवा मोतीबिंदू झाल्याचे घरच्यांच्या लक्षात येते, तेव्हा बरेच नुकसान होऊन गेलेले असते. बॅटरीच्या उजेडात हे दिसत नाही, स्लिट लॅम्प हे डोळे तपासण्याचे सूक्ष्मदर्शक यंत्रच लागते. जास्त धोक्याच्या मुलांना पहिली काही वर्षे दर तीन महिन्यांनी तपासावे लागते, आणि सांधे बरे झाले म्हणून ही तपासणी थांबवता येत नाही. आपल्या नोंदवहीत ‘डोळे शेवटचे कधी तपासले’ हा रकाना जरूर ठेवावा. स्लिट लॅम्प जिल्हा रुग्णालयात असतो. त्यासाठी मुंबईला जाण्याची गरज नाही.

उत्तर 4: अध्यापक, वर्धा जिल्हा (ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय)

संशोधनाविषयीच्या आपल्या प्रश्नाने मला मनापासून आनंद झाला. आमच्याकडे दरवर्षी एखादा पदव्युत्तर विद्यार्थी ‘विदर्भातील मुलांमध्ये संधिवाताचे प्रमाण’ असा विषय घेऊन येतो आणि मी त्याला त्यापासून परावृत्त करतो. कारण गणितात आहे. जगभरच्या पाहण्यांमध्ये जेआयएचे प्रमाण साधारणपणे दर लाखामागे 16 ते 150 मुले असे सांगितले जाते. म्हणजे दहा हजार मुले तपासली, तरी हाती दोन ते पंधरा रुग्ण लागतील. एवढ्या आकड्यावरून प्रमाणाविषयी भरवशाचे काहीच म्हणता येत नाही. एका प्रबंधाच्या कुवतीबाहेरचे हे काम आहे.

मोजण्यासारखे आहे ते निदानाला लागलेला काळ. पहिले लक्षण कोणत्या महिन्यात दिसले, पहिल्यांदा कोणाकडे नेले, कोणते निदान सांगितले गेले, पेनिसिलीन, क्षयरोगाची औषधे किंवा स्टिरॉइड सुरू झाले होते का, सिकलसेलचा अहवाल काय आहे, आणि योग्य निदान झाले त्या दिवशी कोणता सांधा किती अंशांत आखडलेला होता, एवढ्या नोंदी तीसचाळीस मुलांच्या जरी नीट ठेवल्या, तरी साखळीत मूल नेमके कोठे अडते हे कळते. महिना आठवत नसेल तर पोळा, दिवाळी, पेरणी अशा खुणांवरून विचारावे. आईला ते बरोबर सांगता येते. आजाराचा जोर मोजण्यासाठी जेडास या मापनाचे एक सोपे रूप आहे, ज्यात रक्ताची चाचणी लागत नाही: सुजलेल्या व आखडलेल्या सांध्यांची संख्या, डॉक्टरांनी दिलेले गुण आणि पालकांनी दिलेले गुण यांची बेरीज. आपल्या पथकाला ते सहज शिकता येईल.

मनुष्यबळाची सोय नियमांतच आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना जिल्हा निवासी कार्यक्रमाखाली तीन महिने जिल्हा रुग्णालय व त्याच्या परिसरात काम करावे लागते. बालरोग विभागातील असा विद्यार्थी आपल्या पथकाबरोबर शाळांमध्ये फिरला, तर त्याचे शिक्षणही होईल आणि आपण निवडलेल्या मुलांची फेरतपासणीही होईल. दोघांचे निष्कर्ष एकमेकांशी किती जुळतात, हे पाहणे हाच एक स्वतंत्र आणि आवाक्यातला अभ्यास आहे. एम.बी.बी.एस.च्या विद्यार्थ्यांसाठी आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) एसटीएस ही अल्पकालीन संशोधन योजना आहे. तिच्या दोन महिन्यांत पीगॅल्स शिकवण्याआधी आणि शिकवल्यानंतर पथकांच्या तपासणीत काय फरक पडला, हे मोजता येईल.

यातून काय साधणार, असा प्रश्न काही सहकारी विचारतात, म्हणून थोडा इतिहास सांगतो. या मुलांना आज मिळणाऱ्या मेथोट्रेक्झेटचा पाया 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आहे. तिच्यात 127 मुले होती, आणि तेवढी मुले जमवण्यासाठी अमेरिकेतील व तत्कालीन सोव्हिएत संघातील केंद्रांना एकत्र यावे लागले होते. 1996 मध्ये इटलीतील जिनोआ येथे प्रिंटो हे आंतरराष्ट्रीय जाळे स्थापन झाले, तेही याच अडचणीतून: आजार विरळ, प्रत्येक रुग्णालयात मुले थोडी, म्हणून सर्वांनी एकाच पद्धतीने नोंदी ठेवून त्या एकत्र करायच्या. त्याच जाळ्याने 2004 मध्ये दाखवून दिले की, नेहमीच्या मात्रेला दाद न देणाऱ्या मुलांमध्ये मेथोट्रेक्झेट शरीराच्या प्रति चौरस मीटर 15 मिलिग्रॅमवरून 30 वर नेल्याने जास्तीचा फायदा होत नाही. दर्यापूरच्या ताईंच्या मुलाची मात्रा ठरवतानाही हाच आधार असतो. त्याच 1996 साली पुणे जिल्ह्यातील भिगवण गावात डॉ. अरविंद चोप्रा यांनी कॉपकॉर्ड या सामुदायिक पाहणीच्या पद्धतीने घरोघरी संधिवाताची पाहणी सुरू केली आणि गावातल्या स्वयंसेवकांना हाताशी धरून ती करून दाखवली. ती प्रौढांची होती. मुलांसाठी तसे काम आपल्याकडे उभे राहणे बाकी आहे. आणि नागपूरच्या डॉ. शुक्ला व डॉ. सोळंकी यांनी 1958 मध्ये मध्य भारतातील सिकलसेलविषयीचा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांच्याकडेही आपल्यासमोर येणाऱ्या रुग्णांकडे नीट पाहणे हेच मुख्य साधन होते.

सिकलसेल आणि जेआयए या दोन्हींच्या सीमेवरची मुले पाश्चात्त्य देशांतील बालसंधिवाताच्या केंद्रांना क्वचितच भेटतात. आपल्याकडे ती आहेत. त्यांच्याविषयी लिहिण्याची जबाबदारी आपलीच आहे, असे मी मानतो.

पैनगंगाकाठ (मूळ प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बाजाराच्या वाराची आणि सकाळच्या प्रार्थनेच्या वेळेची सूचना आम्ही लगेच अमलात आणतो. दोन शंका उरल्या आहेत. आमच्या तालुक्यात कोलाम पोड (वस्त्या) आणि बंजारा तांडे आहेत. तेथील लहान मुलांना मराठी प्रश्न समजत नाहीत, तेव्हा तपासणीत खंड पडतो. आणि कार्यक्रमाखाली केलेल्या तपासणीची माहिती संशोधनासाठी वापरताना पालकांची वेगळी संमती घ्यावी लागेल का?

अध्यापक, वर्धा जिल्हा

पहिल्या शंकेचे उत्तर सोपे आहे. पीगॅल्समधील बहुतेक कृती तपासणाऱ्याने स्वतः करून दाखवायच्या असतात आणि मुलाने नक्कल करायची असते, त्यामुळे भाषेची गरज केवळ सुरुवातीच्या प्रश्नांपुरती उरते. ते प्रश्न पोडावरील किंवा तांड्यावरील आशाताईंनी पालकांना विचारावेत. त्या स्थानिक असल्यामुळे उत्तरेही मोकळेपणाने मिळतात.

दुसऱ्या बाबतीत घाई करू नये. तपासणीसाठी दिलेली परवानगी म्हणजे संशोधनाची संमती नव्हे. आमच्या महाविद्यालयाच्या नीतिमत्ता समितीकडे आपण संयुक्त प्रस्ताव पाठवू. पालकांची लेखी संमती घ्यावी लागेल. वाचता-लिहिता न येणाऱ्या पालकांसाठी अंगठा आणि तटस्थ साक्षीदाराची सही चालते. आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार 7 वर्षांवरील मुलाचा स्वतःचा होकारही घ्यावा लागतो. जुन्या, नाव वगळलेल्या नोंदींपुरती सवलत मागता येईल, पण ती द्यायची की नाही हे समिती ठरवील. मंजुरी येईपर्यंत प्रशिक्षण आणि मुलांना पुढे पाठवणे थांबवण्याचे कारण नाही, कारण तो उपचारांचा भाग आहे. एका पानाचे नोंदपत्र मी तयार करतो, त्यात डोळ्यांच्या तपासणीचा आणि औषधाच्या वाराचा रकाना घालतो आणि येथेच टाकतो. मुंबईच्या डॉक्टरांनी त्यातील सांध्यांच्या भागावर नजर फिरवावी, आणि दर्यापूरच्या ताईंनी पालकांना विचारायचे प्रश्न वाचून कोणता प्रश्न समजायला अवघड आहे ते सांगावे, ही विनंती.